शेवटच्या पॅराला येऊन अडकणारी मुलगी

"मॅडम, निबंध मी छान लिहिते, पण शेवट आला की डोकं एकदम ब्लँक होतं." हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की आता मोजणं सोडलंय. त्यातल्याच एका १६ वर्षांच्या मुलीची ही गोष्ट, ओळख पटेल असे डिटेल्स बदललेत.

ती वही घेऊनच आली होती. विषय होता मोबाईलमुळे माणसं जवळ आली की दुरावली. सुरुवात तर मस्तच, दूरच्या गावातली आजी व्हिडिओ कॉलवर नातीच्या गालावरून बोट फिरवते, म्हणजे स्क्रीनवरूनच. मधले मुद्दे पण बरे होते आणि मग शेवटी, "अशा प्रकारे मोबाईलचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत, म्हणून त्याचा योग्य वापर केला पाहिजे." झालं! हे वाक्य टीव्हीवर लिहा, गाडीवर लिहा, सगळीकडे चालतं, आणि जे सगळीकडे चालतं ते तुमच्या निबंधाचं नसतंच.

मी वही मिटली आणि विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तर लगेच, "दोन्ही बाजू मांडायच्या असतात ना?" अहो मांडायच्याच असतात, पण मांडून झाल्यावर तू कुठे उभी आहेस ते कोण सांगणार? तिची खरी भीती ही होती, आपलं मत चुकीचं निघालं तर मार्क जातील. भाषा कच्ची वगैरे काही नव्हती.

आमच्या समुपदेशनाच्या कामात एक गंमत असते, तासभर इकडचं तिकडचं बोलून माणूस निघताना दाराशी थांबतो आणि खरी गोष्ट तेव्हा बोलतो. हीसुद्धा दाराशी थांबली. "खरं सांगू का मॅडम, आजीला मी रोज दिसते, पण मी तिच्या हाताला लागत नाही." म्हटलं, बाळा, बस खाली, हाच तुझा शेवट.

मग आम्ही फक्त पहिला आणि शेवटचा पॅरा एकापाठोपाठ मोठ्याने वाचला. ही युक्ती मी सगळ्यांनाच सांगते, कारण दोन्ही सेम टू सेम वाटले तर मधल्या लिखाणाने काहीच हललं नाही असं समजायचं आणि एकमेकांना ओळखतच नसतील तर गाडी मध्येच कुठेतरी भरकटली. नवा मुद्दा, नवी आकडेवारी शेवटी घुसवायची नाही, ती सिद्ध करायला जागाच उरत नाही. पण आधीच्या मुद्द्यांतून निघणारा अर्थ मात्र तिथेच सांगायचा. आणि परीक्षेत शेवटची ५-७ मिनिटं त्याच्यासाठी राखायची, नाहीतर घाईत परत ते 'अशा प्रकारे' येतंच.

पुढच्या वेळी तिने नवा शेवट आणला, चारच वाक्यांचा. मोबाईलने आजीला नात दाखवली, बातमी दिली, आवाज ऐकवला, म्हणजे अंतर कमी झालं हे तिने मान्य केलं होतं, आणि शेवटची ओळ होती, "पण आजीचं बोट अजून काचेवरच थांबतं, म्हणून या सुट्टीत मी कॉल करणार नाही, जाणार आहे."

मी विचारलं, खरंच जाणार आहेस का? म्हणाली, तिकीट काढलंय.