थर्टी नाइन म्हणजे किती?

"मॅडम, मला इंग्रजी येतं. फक्त गेस्ट चिडला किंवा आजारी पडला की येत नाही."

चोवीस वर्षांची ती मुलगी एका हॉटेलात रिसेप्शनला होती. मी समुपदेशक. पर्यटनात काम करणारी बरीच मंडळी माझ्याकडे हेच गाऱ्हाणं घेऊन येतात आणि उपायही स्वतःच ठरवून आलेली असतात: स्पोकन इंग्लिशचा क्लास. हिनंही क्लासची चौकशी करून ठेवली होती. तरी ती माझ्याकडे आली, कारण आता डेस्कवरचा फोन नुसता वाजला तरी तिच्या पोटात गोळा यायचा. नाईट शिफ्ट टाळण्यासाठी तिनं दोनदा खोटी रजाही टाकली होती.

याच्या मागे एक रात्र होती. अडीच वाजता एका परदेशी बाईंचा फोन आला. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. घाईघाईत त्या म्हणाल्या, "माय सन, थर्टी नाइन, थर्टी नाइन!" हिला वाटलं, मुलगा एकोणचाळीस वर्षांचा आहे. एवढ्या मोठ्या माणसासाठी रात्री आई का फोन करतेय, हे काही तिला उमगलं नाही. पण पुन्हा विचारलं तर आपलं इंग्रजी उघडं पडेल, या भीतीनं ती म्हणाली, "ओके मॅडम, नो प्रॉब्लेम." आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी त्या बाई सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन खाली आल्या. थर्टी नाइन हा ताप होता, सेल्सिअसमधला. म्हणजे जवळपास १०२. हिच्या घरी ताप कायम फॅरनहाइटमध्ये मोजलेला, त्यामुळे एकोणचाळीस या आकड्याचा तापाशी संबंध असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टर आले, मुलगा दोन दिवसांत खेळायला लागला. पण लेखी तक्रार झाली आणि ड्युटी मॅनेजरनं सगळ्यांदेखत सुनावलं, "इंग्रजी येत नसेल तर इथे बसू नकोस."

ते वाक्य तिनं जसंच्या तसं उचललं होतं. मला मात्र ते पटत नव्हतं. त्या रात्रीचा एकेक शब्द तिनं मला सांगितला, त्यातला एकही तिला न कळणारा नव्हता. अडलं होतं ते पुन्हा विचारण्यापाशी.

परक्या भाषेत बोलतानाची धास्ती ही सभाधीटपणाच्या अभावापेक्षा वेगळी गोष्ट आहे. १९८६ मध्ये भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेच्या वर्गातली ही धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक मापनपट्टी तयार केली. इतर वेळी बोलक्या असणाऱ्या माणसाचीही परकी भाषा म्हटलं की वाचा बसू शकते. लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर राहत नाही, आपलं वाक्य बरोबर होतंय का यावर जातं. हिचं तेच होत होतं. बाई बोलत असताना ही मनातल्या मनात उत्तराचं व्याकरण तपासत होती.

दुसऱ्या भेटीत मी तिला म्हटलं, "आज तू गेस्ट. खोलीतला एसी बंद आहे, दोनदा सांगून झालंय. हवं तर मराठीत भांड."

आधी लाजली, मग चांगलीच तापली. मी शांतपणे म्हटलं, "नो प्रॉब्लेम, मॅम."

"अहो, काय नो प्रॉब्लेम? एसी बंद आहे ना!" ती ओरडली. आणि थांबली. "बाप रे. मी रोज हेच म्हणते."

आपल्या मनात 'नो प्रॉब्लेम'चा अर्थ 'काळजी करू नका, करतो' असा असतो. घामाघूम गेस्टच्या कानाला मात्र तो 'तुमची अडचण ही अडचणच नाही' असा लागतो. मग तिला आणखी एक जुना प्रसंग आठवला. एका चिडलेल्या गृहस्थाला तिनं अगदी आदरानं विचारलं होतं, "व्हॉट इज युअर प्रॉब्लेम, सर?" काय अडचण आहे तुमची, याचं सरळ भाषांतर. इंग्रजीत ते 'तुझं काय बिनसलंय रे?' असं ऐकू येतं. तो गृहस्थ का भडकला हे तिला दीड वर्षानं माझ्या खोलीत कळलं आणि ती खूप हसली. मला ते हसणं फार महत्त्वाचं वाटलं. ज्या प्रसंगाची तिला लाज वाटत होती, त्याचं कारण दोन शब्दांइतकं लहान निघालं होतं. 'व्हॉट हॅपन्ड, सर? प्लीज टेल मी.' बस.

मी इंग्रजीची शिक्षिका नाही. पण भीती कमी करायची तर हातात काहीतरी ठोस लागतं, म्हणून मी तिला जहाजांचं उदाहरण दिलं. एकाच जहाजावर निरनिराळ्या देशांचे खलाशी असतात आणि इंग्रजी बहुतेकांची यथातथाच. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये ठरावीक इंग्रजी वाक्यांचा एक संच स्वीकारला. सुकाणू धरणाऱ्याला हुकूम मिळाला की त्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, असा त्यात दंडक आहे. तिथे परत म्हणणं हे अडाणीपणाचं लक्षण समजत नाहीत.

"म्हणजे मी रूम नंबर परत म्हटला तर चालेल?"

"म्हटला नाहीस तर चालणार नाही."

तिनं एक कार्ड केलं. मी नाही, तिनं. तिच्याच अक्षरात, फोनच्या शेजारी चिकटवायला. पहिली ओळ: 'युअर रूम नंबर, प्लीज?' फोन मध्येच कटला तरी निदान कुठे धावायचं ते कळावं म्हणून ही सर्वांत वर. मग 'हू इज सिक? हाऊ ओल्ड?' हा वयाचा प्रश्न तिनं जरा जोरातच लिहिला होता, पेनाचा ठसा मागच्या बाजूला उमटला होता. मग श्वासाचा त्रास, छातीतलं दुखणं, शुद्ध हरपणं, रक्त जाणं, ॲलर्जी. यातल्या पहिल्या चारांपैकी कशालाही 'हो' आलं की पुढचा प्रश्न नाही, थेट ॲम्ब्युलन्स. ॲलर्जीवाल्याचे ओठ किंवा घसा सुजत असेल तरी तेच. आणि शेवटी, ऐकलेलं सगळं परत म्हणायचं: 'बॉय, सिक्स इयर्स, फीव्हर थर्टी नाइन. करेक्ट?'

काय म्हणायचं नाही याची यादी आम्ही तोंडीच केली. हे कशामुळे झालं असेल ते सांगायचं नाही. 'आमच्या किचनमुळे नाही हो' हे तर मुळीच नाही, कारण पोट धरून बसलेल्या माणसाला तो हात झटकण्याचा प्रकार वाटतो. स्वतःच्या पर्समधली गोळी द्यायची नाही. अमेरिकन गेस्ट ॲसिटॅमिनोफेन म्हणतो ते आपलं पॅरासिटामॉलच, हे माहीत असावं, पण औषध द्यायचं काम डॉक्टरांचं.

आणि अंदाज बांधायचा नाही. स्पॅनिश बोलणारा पाहुणा इंग्रजीत 'कॉन्स्टिपेटेड' म्हणाला, तर त्याला कदाचित नुसती सर्दी झालेली असते, कारण त्याच्या भाषेतला 'कॉन्स्टिपादो' म्हणजे सर्दी झालेला. यावर ती हसली, पण दुसरं उदाहरण ऐकून गप्प झाली. १९८० मध्ये फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरचे 'इन्टॉक्सिकादो' म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की खाण्यातून विषबाधा झाली असावी. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ नशा असा लावला आणि अमली पदार्थाचा अतिरेक समजून उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो मुलगा वाचला, पण हातपाय कायमचे लुळे पडले.

"म्हणजे चांगलं इंग्रजी येणाऱ्यांचंही असं होतं," ती हळूच म्हणाली.

आमच्या एकूण सहा भेटी झाल्या. फोनची रिंग रेकॉर्ड करून ती घरी वाजवायची, एक लांब श्वास सोडायचा आणि मगच उचलायचा. पहिल्या आठवड्यात रोज दहा वेळा. तक्रारींसाठी तिनं स्वतःला एक नियम घातला: वेळ सांगितली की त्या वेळी फोन करायचाच, एसीवाला मेकॅनिक आला नसला तरी. 'ही हॅज नॉट कम येट' हेसुद्धा उत्तर असतं. हा नियम मला कार्डाहूनही आवडला. पाहुणा बहुतेकदा बिघाडापेक्षा, आपल्याला विसरले या भावनेनं जास्त चिडतो.

क्लास तिनं तरीही लावला. मी अडवलं नाही. मॅनेजरशी मात्र ती अजून मोकळेपणानं बोलत नाही आणि ते सगळं तिनंच सुधारायला हवं असं मला वाटतही नाही.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. पहाटे चारला एका वयस्कर गृहस्थांच्या छातीत दुखू लागलं होतं. पत्नीला इंग्रजी जेमतेम यायचं. हिनं रूम नंबर विचारला, परत म्हटला, छाती आणि श्वास विचारला, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि पुन्हा फोन लावून सांगितलं, "ॲम्ब्युलन्स इज कमिंग. आय ॲम ऑल्सो कमिंग." हात थरथरत होते, म्हणाली. गृहस्थ आता ठीक होते, पण ते तिनं ओझरतंच सांगितलं.

"पण ऐका ना मॅडम. तिसऱ्या दिवशी त्याच बाई डेस्कवर आल्या आणि नळाला गरम पाणी नाही म्हणून माझ्यावर अशा ओरडल्या! मला इतकं बरं वाटलं. साधी तक्रार होती."

"मग काय म्हणालीस?"

"नो प्रॉब्लेम म्हणणार होते. 'नो' तोंडातून गेलासुद्धा. मग त्याचं 'नो हॉट वॉटर, सिन्स व्हेन?' केलं."