परसातली तुती आणि रानातल्या ब्लॅकबेरी घालून घरी बिअर करायची आहे. फळं उकळत्या वर्टमध्येच घालू का? आणि किती?

तुम्ही लिहिलंय की वीस लिटरची साधी, हलक्या रंगाची बिअर करणार आहात, तुतीला भरपूर फळ आलंय आणि ब्लॅकबेरी तुम्ही हिंडून गोळा करता.

उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात, अजिबात नको. बेऱ्या उकळल्या की त्यातलं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) सुटतं आणि बिअर गढूळ राहते. शिवाय ताज्या फळाचा वास वाफेबरोबर जातो, उरतो तो जॅमचा. यीस्ट टाकतानाच फळ घातलं तरी तीच गत. पहिले तीन-चार दिवस बिअर जोरात आंबते, तेव्हा बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड फळाचा वास सोबत घेऊन जातो. त्या दिवसांत खोलीभर जो सुंदर घमघमाट सुटतो ना, तो सगळा तुमच्या ग्लासातून वजा झालेला असतो.

तेव्हा आधी नुसती बिअर आंबू द्या. आठवडाभराने फेस बसला, बुडबुडे मंदावले की मग बेऱ्या घाला. यात आणखी एक फायदा असतो. तोवर बिअरमध्ये चार-पाच टक्के अल्कोहोल झालेलं असतं, आंबटपणा आलेला असतो, हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, असतातच. फळाच्या सालीवरून आलेल्या रानटी यीस्टला आणि जिवाणूंना तिथे बस्तान बसवणं जड जातं. अशक्य होत नाही, जड जातं.

आता किती आणि कोणत्या. इथे माझी पहिली फजिती सांगतो. दहा लिटरमध्ये दीड किलो स्ट्रॉबेरी घातल्या होत्या, घरच्याच, पिकून लालबुंद झालेल्या. दोन महिन्यांनी बाटली उघडली तर रंग फिकट गवतासारखा. चार जणांना न सांगता प्यायला दिली. एकालाही फळ ओळखता आलं नाही. एकाने तर विचारलं, "लिंबू पिळलंय का यात?"

झालं असं होतं की फळातली साखर म्हणजे बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि यीस्ट ती पार फस्त करतं. आपण स्ट्रॉबेरी म्हणून जे ओळखतो, त्यात गोडव्याचा वाटा मोठा असतो. तो गेला की मागे आम्ल, थोडा तुरटपणा, रंग आणि जमलाच तर वास उरतो. म्हणून बेरी तोंडात टाकून बघा आणि मनातल्या मनात गोडवा वजा करा. जे उरेल ते बिअरमध्ये मिळेल. या परीक्षेत रास्पबेरी पहिली येते, लिटरला १०० ग्रॅम घातल्या तरी लपत नाही. ब्लॅकबेरी तिच्या मागोमाग, पण जास्त लागते. ब्लूबेरी खायला छान, बिअरमध्ये मात्र मुखदुर्बळ.

आणि तुमची तुती? रंग झकास देते, पण आम्ल कमी, त्यामुळे एकटी घातली तर बिअर मिळमिळीत लागते. मी तुमच्या जागी असतो तर दोन किलो ब्लॅकबेरी आणि दीड ते दोन किलो तुती एकत्र घातली असती. हॉप्सचा कडूपणा हात राखून ठेवा. कडू आणि आंबट एकमेकांच्या उरावर बसतात.

फळामुळे बिअर कडक होते असं बऱ्याच जणांना वाटतं. बेऱ्यांमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि साखर साधारण पाच ते दहा टक्के. १.०५० घनतेच्या वर्टमध्ये विरघळलेला ऐवज बारा टक्क्यांवर असतो. म्हणजे झाली तर बिअर किंचित पातळच होते.

फळ धुवा, सडकं काढून टाका आणि फ्रीजरमध्ये ठेवा. गोठताना बर्फाच्या कण्या पेशी फोडतात, मग वितळल्यावर रस सहज सुटतो. तुती एकदम पिकत नाही, रोज ओंजळभर मिळते, तेव्हा पिशवी फ्रीजरमध्ये ठेवून रोज भर घालत जा. तिचे हिरवे देठ ओढून निघत नाहीत, कात्रीने कापावे लागतात. बोटं दोन दिवस जांभळी राहतील. दोन-चार देठ राहिले तर काही बिघडत नाही. मिक्सरला मात्र लावू नका, बिया फुटून कडवटपणा उतरतो.

गोठवल्याने रानटी यीस्ट मरत नाही, नुसतं झोपतं. निर्धास्त राहायचं असेल तर वितळलेलं फळ हाताने कुस्करून ७० ते ७५ अंशांवर दहा मिनिटं धरा, उकळी येऊ न देता, आणि झाकून गार करा. मी रानातलं फळ असं गरम करतो, घरचं करत नाही. याला शास्त्रीय आधार काही नाही, यीस्ट दोन्हींवर सारखंच बसतं. आपलं झाड म्हणून विश्वास, दुसरं काय!

रानातल्या फळाबद्दल मात्र थट्टा नाही. शंभर टक्के ओळख पटली नसेल तर तोडू नका. ब्लॅकबेरी म्हणजे छोट्या छोट्या मण्यांचा गुच्छ असतो. बेलाडोनाचं फळ एकसंध, काळं, चकचकीत, खाली पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी हिरवी बैठक. ते जीवघेणं आहे. एल्डरबेरी कच्ची चालत नाही, तिचे देठ आणि हिरवी फळं काढून ती शिजवावीच लागते. आंबवलं की विष उतरतं, हा निव्वळ भ्रम आहे. फवारणी झालेल्या कुंपणाची फळंही सोडून द्या.

भांडं मोठं घ्या. वीस लिटर बिअर आणि चार किलो फळ म्हणजे तीस लिटरचं तरी हवं, कारण फळातली साखर मिळाली की यीस्ट पुन्हा पेटतं आणि चोथा वर तरंगतो. माझ्याकडे एकदा पहाटे एअरलॉकची (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेची) गुडगुड थांबलेली दिसली. वाटलं, आंबणं संपलं. जवळ जाऊन बघतो तर एअरलॉकच्या वळणात रास्पबेरीची एकच बी अडकलेली, आतलं पाणी जांभळं, आणि रबरी बूच वर सरकत आलेलं. हात लावला मात्र, छातीपासून चपलांपर्यंत गुलाबी! तेव्हापासून एअरलॉकऐवजी अंगठ्याएवढी जाड नळी लावतो आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडतो.

फळ निर्जंतुक केलेल्या जाळीच्या पिशवीत घातलंत तर पुढे सायफन तुंबत नाही. वर तरंगणारा चोथा कोरडा पडला की त्यावर बुरशी धरते, म्हणून दिवसातून एकदा भांडं झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा. एक ते दोन आठवड्यांत फळ फिकं पडतं. तेव्हा बिअर साक्यावरून दुसऱ्या भांड्यात काढा. फार दिवस ठेवलीत तर बियांचा तुरटपणा वाढतो.

बाटल्या भरायची घाई करू नका. हायड्रोमीटरचं, म्हणजे घनता मोजायच्या नळीचं, माप तीन दिवस लागोपाठ तेच आलं पाहिजे. फळातली साखर शिल्लक असताना बूच लावलंत तर ती बाटली आतून तापत्या कुकरसारखी होते, फरक एवढाच की हिला शिट्टी नसते. माप स्थिर झालं की बाटलीत फेस यावा म्हणून लिटरला मोजून सहा-सात ग्रॅम साखर घालून भरा, आणि तीन-चार महिन्यांत संपवा. त्यानंतर वास विरतो आणि तो सुंदर जांभळा रंग हळूहळू तपकिरीकडे झुकतो.