खुडूक कोंबडीच्या मेंदूत काय घडते?

प्रश्न : आमच्याकडे पंधरा गावरान कोंबड्या आहेत. थंडी सुरू झाली की अंडी निम्म्यावर येतात. त्यात एखादी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, तर टोपलीतून उठतच नाही. हात घातला की पिसे फुलवून टोचते. घरातली जुनी माणसे तिला पाण्यात बुडवायला किंवा तिच्या नाकात पीस घालायला सांगतात. असे का होते आणि उपाय काय?
— एक वाचक, नवापूर तालुका

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत अंडी थांबतात, पण कारणे वेगळी आहेत.

थंडीतली घट मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे होते. खानदेशात जूनमध्ये दिवस 13 तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरात तो जेमतेम 11 तासांवर येतो. पक्ष्याला हा फरक केवळ डोळ्यांनी कळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बेन्वा यांनी 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की डोळ्यांवाटे प्रकाश मिळत नसला तरी कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूपर्यंत पोहोचतो आणि प्रजननाला चालना देतो. दिवस मोठा झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक स्रवते, ते पीयूष ग्रंथीला जागे करते, आणि त्या ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे अंडाशयात एकामागून एक बलक वाढू लागतात. याच्या उलट काम करणारे, म्हणजे पीयूष ग्रंथीला आवरणारे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञ काझुयोशी त्सुत्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2000 साली लाव्ह्यांच्या जातीच्या पक्ष्यात सापडले. रात्र लांबली की मेलाटोनिन हे अंधारात स्रवणारे संप्रेरक जास्त वेळ स्रवते आणि त्या पक्ष्यात ते या आवर घालणाऱ्या संप्रेरकाला बळ देते.

खुडूक होण्यामागे मात्र प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आहे. साठलेल्या अंड्यांचा पोटाखालच्या उघड्या त्वचेला सतत स्पर्श होत राहिला, की त्याची वर्दी हायपोथॅलॅमसला जाते, तिथून निघालेल्या दुसऱ्या एका संप्रेरकामुळे पीयूष ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडू लागते, आणि त्याची पातळी वाढताच अंडाशय आक्रसते. आपल्या कोंबडीचे ते फुलणे, टोचणे, दाणापाणी सोडून बसणे हा हट्ट नव्हे. उबवण्याच्या दिवसांत तिचे शरीरच तसे वागते. म्हणून नाकात पीस घालणे आणि पाण्यात बुडवणे हे दोन्ही प्रकार कृपया बंद करावेत. त्यांनी जिवाला त्रास होतो, आणि तिला उबवायला लावणारा अंड्यांचा स्पर्श तसाच राहतो.

तो स्पर्शच काढून घ्या. अंडी रोज उचला, टोपली हलवा, आणि तिला काही दिवस जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागणाऱ्या खुराड्यात दाणापाणी देऊन ठेवा. पोटाला ऊब मिळाली नाही की प्रोलॅक्टिन उतरते. पिले हवी असतील तर तिच्याखाली अंडी ठेवून 21 दिवस तिला बसू द्या. मात्र पिले मागे फिरत असेपर्यंत अंड्यांची अपेक्षा ठेवू नका.

थंडीसाठी खुराड्यात पहाटे दिवा लावून उजेडाचा काळ हळूहळू 14 तासांपर्यंत न्यावा. संध्याकाळी नको, कारण दिवा अचानक विझला तर कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात अडकतात.