शुगर, डायलिसिस आणि डोळ्यातला नसांचा थर

प्रश्न: आईला २० वर्षांपासून शुगर आहे, आता आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस चालू आहे. डोळ्यांची ओसीटी (पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) काढली तर पडद्याच्या नसांचा थर पातळ म्हणून लाल रंगात आलाय, पण तिला वाचायला तर नीट येतंय! डायलिसिसमुळे डोळे खराब होतायत का? ती म्हणतेय आठवड्यातली डायलिसिसची एक पाळी कमी करूया.

उत्तर: पाळी कमी करायची नाही, हे आधीच सांगते. अंगात पाणी साठलं की बीपी चढतं, पडद्याला सूज येऊ शकते, म्हणजे डोळ्यांचं नुकसानच.

थर पातळ व्हायला नुसती शुगरही पुरते, कधीकधी पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसायच्या आधीच हे सुरू होतं. हा थर म्हणजे नसांचे तंतू, एका डोळ्यातून असे साधारण १० लाख तंतू मेंदूकडे जातात, त्यातले बरेच गेले तरी वाचताना कळत नाही, म्हणून "दिसतंय ना मग ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही. आता लाल रंग म्हणजे काय, तर मशीन त्याच वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करतं आणि आई त्यात सगळ्यात खालच्या १ टक्क्यात येते, बस. काचबिंदूतही लाल येतं, जास्त मायनस नंबर असला तरी येतं. आणि उलटंही होतं बरं का, सूज असेल तर थर जाड दिसतो आणि रिपोर्ट उगाच हिरवा, म्हणजे नॉर्मल, येतो.

डायलिसिसमध्ये पाणी निघतं तसे पडद्याच्या जाडीचे आकडे थोडे हलू शकतात, म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका, पुढची ओसीटी त्याच मशीनवर आणि डायलिसिसच्या आधी किंवा नंतर, जे काही असेल ते दर वेळी तेच ठेवून काढा, मग तुलना करण्यात अर्थ आहे.

मला जास्त काळजी बीपीची वाटते. डायलिसिस चालू असताना ते वारंवार पडत असेल तर डोळ्याच्या मुख्य नसेचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. त्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घ्यायची का, किती पाणी काढायचं, हे किडनीच्या डॉक्टरांना ओसीटी दाखवून विचारा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. एका डोळ्याने अचानक कमी दिसलं, काळा पडदा आल्यासारखं झालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि हो, डायलिसिसवाल्यांचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) खोटा कमी येऊ शकतो, तो चांगला आला म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नका.