रिगवरच्या अपघातांची वकिली : पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांच्या एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. माझा धाकटा भाऊ, वय 30, समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात एका रिगवर (तेलविहीर खोदायच्या यंत्रणेवर) कंत्राटी फ्लोअरमन, म्हणजे पाइप जोडणारा कामगार होता. फेब्रुवारी 2025 मध्ये पाइप जोडताना टाँगमध्ये, म्हणजे पाइप पिळायच्या मोठ्या चिमट्यात, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंत्राटदारानं दीड लाख दिले, 'पुढे काही मागणार नाही' असं स्टँपपेपरवर लिहून घेतलं आणि नंतर कामावर बोलावलंच नाही. पगार 22 हजार होता. तेव्हापासून मुलगी म्हणते, मी अशाच कामगारांच्या केसेस लढवीन. तिचे वडील म्हणतात, त्यात पैसा नाही, न्यायाधीशाच्या परीक्षेला बस. काय करावं? – एक आई, उरण

उत्तर : ताई, आधी भावाचं बघू. त्याच्या दाव्याला मुदत आहे आणि मुलीचा पहिला धडाही त्यातच आहे.

स्टँपपेपरला घाबरू नका. अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्यापूर्वीचा आहे. त्याला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 प्रमाणे रद्दबातल ठरतो. ठोक रकमेवर तडजोड करायची असेल तर मालकानं ती या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवायला हवी. नोंदवली नाही, तर कलम 29 प्रमाणे त्याला पूर्ण रक्कम द्यावी लागते. शिवाय आयुक्तांनी वेगळं काही सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाहीत. म्हणजे दीड लाखांतले फार तर 75 हजार.

आता रक्कम. कायमच्या अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, असा हिशेब असतो. पगार 22 हजार असला तरी 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात 15 हजारच धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक 207.98. गुणाकार 18,71,820, ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं जाणं म्हणजे कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट, म्हणून 3,74,364. एका महिन्यात रक्कम दिली नाही तर त्यावर 12 टक्के सरळ व्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. त्याच्या बिलांना या सूत्राशी काही देणंघेणं नाही.

खरी वकिली त्या 20 टक्क्यांपाशी सुरू होते. तर्जनी आणि मधलं बोट गेलेला माणूस दुकानात बसून बिलं फाडू शकेल, पण टाँगचं हँडल घट्ट धरू शकेल का, शिडीचा कठडा पकडू शकेल का? रिगवर जायला लागणारी वैद्यकीय तपासणी तो पास होईल का? सर्वोच्च न्यायालयानं 1975 साली एका सुताराच्या प्रकरणात हेच पाहिलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयानं त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली असं धरलं. म्हणजे परिशिष्टातला टक्का हा शेवटचा शब्द नव्हे. आयुक्तांनी 40 टक्के मान्य केले तर वरची रक्कम 7,48,728 होते. पण त्यासाठी डॉक्टरांनी 'कमाईच्या क्षमतेतली घट' असं स्पष्ट लिहायला हवं आणि साक्षीला उभं राहायला हवं. बहुतेक दावे इथेच फसतात. सरकारी अपंगत्वाचा दाखला जोडला की काम झालं असं वकिलालाही वाटतं. तो दाखला हाताचं किती टक्के नुकसान झालं ते सांगतो, कामाचं नाही.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे फेब्रुवारी 2027 पर्यंत दाखल झाला पाहिजे. कामगार राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडेही तो दाखल करता येतो. उरणच्या माणसानं केवळ कंपनीचं ऑफिस मुंबईत आहे म्हणून तिथे हेलपाटे घालायची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. एकच सावधगिरी : आयुक्तांकडे दावा केला की त्याच अपघातासाठी दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. दोन्हींतला एकच रस्ता, आणि तो आधी विचार करून निवडायचा. भावाच्या बाबतीत आयुक्तांचाच बरा, कारण तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही.

आता मुलीचं. तिच्या वडिलांचा आणि तिचा वाद मुळात वाद उरलेलाच नाही. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. पदवी हातात आली की थेट परीक्षा, हा रस्ताच बंद झाला. तीन वर्षं कुठेतरी काढायचीच आहेत, तर ती कामगार न्यायालयात काढू द्या. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी नुकसानभरपाईचे आयुक्त म्हणून कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच बसतात. साक्ष तिथे रोज घ्यावी लागते आणि उलटतपासणी तिथे लवकर वाट्याला येते. पुढे परीक्षेला बसली तरी त्यातलं काही वाया जाणार नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. अमेरिकेत टेक्सासच्या तेलक्षेत्रात जखमी झालेल्या कामगारांना 'जिंकलो तरच फी' असं सांगणाऱ्या वकिलांच्या जाहिराती रस्त्यांवर असतात. त्या बघून मुलांना वाटतं की इथेही तसंच असेल. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत हिस्सा घेता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. कामगाराकडून मिळणारी फी थोडी आणि तुकड्यातुकड्यानं येणारी. त्यामुळे फक्त रिगवरच्या अपघातांवर घर चालणार नाही, निदान पहिली पाच वर्षं तरी. मोटार अपघात न्यायाधिकरण, ग्रॅच्युइटी, पगार थकबाकी, कंत्राटी कामगारांचे वाद हे सगळं सोबत करावं लागेल. रिगचं काम ही तिची खासियत होईल. त्यावर ती ओळखली जाईल, पण भाकरी बाकीच्या कामांवर.

आणखी एक दरवाजा आहे, आणि तो नाकारू नये. विमा कंपन्यांच्या पॅनेलवरच्या वकिलांना नियमित काम मिळतं. काही वर्षं त्या बाजूला बसलं की दावे कशावर पाडले जातात ते कळतं. हे करणं म्हणजे गद्दारी नव्हे. फक्त ज्या कामगाराचं काम घेतलं त्याच्याच विरुद्ध कधी उभं राहायचं नाही.

या कामात वक्तृत्व फारसं लागत नाही. रिग समजायला लागते. उदाहरण भावाचंच घ्या. पाइप जोडताना दोन मोठ्या टाँग लागतात : एक खालचा पाइप धरून ठेवते, दुसरी वरचा पिळते. टाँगचा जबडा पाइपवर बसवून फ्लोअरमन हात काढतो आणि मग ड्रिलर (यंत्र चालवणारा) कॅटहेडनं, म्हणजे दोर ओढणाऱ्या फिरत्या रिळानं, दोर ताणतो. हात निघायच्या आत दोर ताणला गेला, किंवा टाँगचे दाते झिजलेले असल्यानं ती पाइपवरून सटकली, की बोटं जबडा आणि पाइप यांच्या मध्ये सापडतात. कंत्राटदाराचं ठरलेलं उत्तर असतं, 'हात चुकीच्या जागी ठेवला, सूचना मोडली.' कायद्यात या बचावाला जागा आहे, पण ती अरुंद आहे : मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालत नाहीच, आणि इतर वेळी स्पष्ट दिलेली सूचना कामगारानं जाणूनबुजून मोडली हे मालकाला दाखवावं लागतं. घाईत, बारा तासांच्या पाळीच्या शेवटी हात राहून जाणं म्हणजे जाणूनबुजून मोडणं नव्हे. हे ज्या वकिलाला माहीत आहे तो विचारेल : दाते शेवटचे कधी बदलले? त्या पाळीत फ्लोअरवर किती माणसं होती? पाळीच्या आधी टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेची छोटी बैठक, झाली का आणि त्यावर कुणाच्या सह्या आहेत? डेली ड्रिलिंग रिपोर्टमध्ये त्या तासासमोर काय लिहिलंय? रिगवरच्या मेडिकच्या वहीत अपघाताची वेळ आणि जागा काय? मेडिकच्या वहीत 'बाथरूममध्ये घसरला' असं लिहिलं गेलं तर पुढची तीन वर्षं ती एक ओळ पुसण्यात जातात.

मालक कोण, हा दुसरा प्रश्न. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज (कामगारांना राहायची सपाट तळाची नौका) मुंबईजवळ समुद्रात बुडाला, त्यावर 261 जण होते आणि 70 हून अधिक गेले. अशा बार्जवर, रिगवर एकाच जेवणाच्या टेबलाशी पाच कंपन्यांची माणसं बसलेली असतात. मनुष्यबळ पुरवणारा उपकंत्राटदार म्हणजे बरेचदा एक लेटरहेड आणि एक मोबाइल नंबर. त्याला एकट्यालाच प्रतिवादी केलं तर हुकूम मिळतो, पैसे मिळत नाहीत. कलम 12 प्रमाणे मुख्य मालकाला, म्हणजे ज्याच्या कामासाठी कंत्राट दिलं त्यालाही सामील करायचं. विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही. त्या दिवशी रिगवर कोण कोण होतं, हे पीओबी यादीत (रिगवर हजर माणसांच्या यादीत) आणि हेलिकॉप्टरच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या यादीत, मिळतं. सरकारी मालकीची कंपनी असेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज करता येतो.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि विद्यार्थी तो सर्वांत उशिरा शिकतात. तेलविहीर ही कायद्यानं खाण आहे, म्हणून तिथे कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) सहसा लागत नाही. उरणच्या प्रक्रिया प्रकल्पात तोच माणूस जखमी झाला असता तर ती जागा कारखाना ठरते. तिथे कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर दावा आयुक्तांकडे जातच नाही. जमिनीवरच्या विहिरीची सुरक्षा खाण सुरक्षा महासंचालनालय बघतं, समुद्रातली 2008 च्या नियमांनुसार तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. बार्ज किंवा सप्लाय व्हेसलवरचा (सामान पोचवणाऱ्या जहाजावरचा) खलाशी असेल तर जहाजी कायदे येतात. 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यानं उच्च न्यायालयातून जहाजच अडकवता येतं. पण मृत्यू किंवा दुखापतीच्या दाव्यासाठी जहाजावरचा सागरी धारणाधिकार, म्हणजे जहाजातूनच पैसे वसूल करायचा हक्क, साधारण एका वर्षात संपतो.

नवीन सामाजिक सुरक्षा संहितेमुळे कामगाराचा फायदा झालेला एक मुद्दाही तिनं नीट वाचून ठेवावा : कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच धरला जातो. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाडी ओलांडताना होडी उलटून बुडालेल्या मिठागर कामगारांच्या वारसांना हे नाकारलं होतं. 29 जुलै 2025 ला त्याच न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या वारसांना, तो कामावर जाताना गेला होता म्हणून, जुन्या कायद्याखालीच भरपाई दिली. हेलिकॉप्टरनं आणि बोटीनं कामावर जाणाऱ्या माणसांसाठी हे फार मोलाचं आहे.

आता पुढची दोन वर्षं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. त्यातली निदान निम्मी मोठ्या फर्मच्या वातानुकूलित खोलीत न घालवता नुकसानभरपाईची कामं करणाऱ्या वकिलाकडे आणि एखाद्या नोंदणीकृत तेल कामगार संघटनेकडे घालवावी. कलम 24 प्रमाणे संघटनेचा पदाधिकारीही आयुक्तांसमोर उभा राहू शकतो. त्यामुळे संघटनेच्या ऑफिसात जुन्या दाव्यांच्या फायली असतात, त्या वाचल्या की पुस्तकापेक्षा जास्त कळतं. विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल स्वयंसेवक म्हणून नाव घालावं. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालामुळे खुल्या गटाला नोंदणी शुल्क 750 रुपयांहून जास्त लागत नाही. मग अखिल भारतीय बार परीक्षा. कामगार कायद्याचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सोबत करता येतो. परळची नारायण मेघाजी लोखंडे संस्था कामगार अभ्यासासाठी नावाजलेली आहे. गांधीनगरच्या मेरिटाइम विद्यापीठातलं सागरी कायद्याचं एलएल.एम. आत्ता नको. आधी दोन वर्षं साक्षी घेऊ दे, मग ते घ्यायचं की नाही हे तिचं तिलाच कळेल.

भावाची केस मात्र तिनं स्वतः चालवायची नाही. सनद नसताना आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती उभी राहू शकत नाही आणि घरच्या माणसाच्या केसमध्ये डोकं शांत राहत नाही. वकील दुसरा ठरवा, फाइल तिला लावू द्या : पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, पीएफचा यूएएन, नेमणुकीचं पत्र नसेल तर गेटपास, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, तो स्टँपपेपर. आणि भावाला आजच सांगा, जुना मोबाइल विकू नको, फॉरमॅट करू नको. रिगवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्या रात्री कुणी काय टाकलं, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडून पुराव्यात येऊ शकतं. फोनच नसेल तर प्रमाणपत्र कशाचं जोडणार?