दमट किनारी हवेत कोबा समतल करताना

लेव्हलिंगचे (कोबा समतल करण्याच्या सिमेंट-मिश्रणाचे) पोते फोडण्याची घाई करू नका, असे मी कळकळीने सांगतो, कारण किनारी भागात कोब्याचा खरा शत्रू वरचे खळगे नसून खालून चढणारी ओल हा असतो. सुमारे 18 इंच लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून कोब्यावर घट्ट बसवावा, किमान 16 तास तसाच ठेवावा, आणि आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट काळवंडलेले आढळले, तर काम पुढे ढकलावे. चाचणी कोरडी निघाली तरी ती पहिली चाळणीच समजावी. महागडा थर द्यायचा असेल, तर काँक्रीटच्या आतील आर्द्रता मीटरने मोजून घ्यावी.

माझ्या एका सुरुवातीच्या कामात मी हे टाळले होते. पावसाळ्यानंतर नवा थर पापडासारखा सुटून आला आणि त्याच्या पाठीवर लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांची पांढरी भुकटी होती.

लोणा आणि सिमेंटची साय (काँक्रीटवर जमलेला कमकुवत पातळ थर) ग्राइंडरने काढून धूळ व्हॅक्यूमने खेचून घ्यावी, मगच प्रायमर लावावा. मिश्रणात पाणी पोत्यावर लिहिलेल्या मापानेच घालावे. सहज पसरावे म्हणून जास्त पाणी घातल्यास पृष्ठभाग ठिसूळ होतो. इपॉक्सी (राळेचा कडक लेप) लावायचे असल्यास कोब्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त असावे, म्हणून भल्या पहाटे काम सुरू करू नये.