बुकेनियर म्हणजे चाचा नव्हे

प्रश्न असा आला आहे: "'ब्लॅक सेल्स'सारख्या समुद्री लुटारूंच्या मालिकांवर मराठीत लिहिताना पायरेट, प्रायव्हेटियर आणि बुकेनियर या तिघांनाही 'चाचे' म्हटलं तर चालेल का? माझ्या लेखात एक वाक्य आहे: '१७१८ साली नासाऊच्या चार्ल्स वेन या बुकेनियरने गव्हर्नर वूड्स रॉजर्सच्या ताफ्यावर पेटतं जहाज सोडलं.' या मालिकांत इतिहास आणि कल्पना इतक्या कालवलेल्या असतात की यातलं काय ठेवावं आणि काय काढावं तेच कळत नाही. शिवाय, चाचा या शब्दाचा काकाशी काही संबंध आहे का?"

काकाशी संबंध नाही. तो चाचा हिंदीतला. नुसता आवाज जुळतो. आपला शब्द जुन्या लेखनात 'चांचा' असा अनुस्वारासकट भेटतो, गुजरातीत त्याला 'चांचियो' म्हणतात, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चांच नावाचं बेट आहे, त्याच्याशी या शब्दाचं नातं जोडलं जातं. मला ते पटण्यासारखं वाटतं. पण तुमच्या प्रश्नातली खरी गोम पुढेच आहे, 'बुकेनियर'मध्ये.

हा शब्द हल्ली दिसेल त्याला चिकटवतात. ब्लॅकबियर्ड बुकेनियर, जॅक रॅकम बुकेनियर, ॲन बॉनीसुद्धा बुकेनियर! 'पायरेट' तीनदा लिहून झालं की चौथ्यांदा चव पालटायला हा घ्यायचा, एवढाच त्यामागचा विचार. मालिकांवरच्या लेखांत मी हे इतक्यांदा वाचलं आहे की आता सविस्तरच लिहितो.

बुकेनियर हा मुळात समुद्रावरचा माणूसच नाही. तो रानातला शिकारी. फ्रेंच 'बुकानिए' म्हणजे 'बुकान'वाला, आणि बुकान म्हणजे मांसाला धुरी देण्याचा मांडव. बेचक्याचे चार खांब जमिनीत रोवायचे, त्यांवर ओल्या लाकडांची जाळी आडवी टाकायची, मांसाच्या लांब पट्ट्या कापून, थोडं मीठ लावून त्या जाळीवर पसरायच्या आणि खाली मंद विस्तव ठेवायचा. जाळ नको, धूर हवा. म्हणून विस्तवात त्याच जनावराच्या कातड्याचे आणि हाडांचे तुकडे टाकायचे. असं धुरी दिलेलं मांस महिनोन्‌महिने टिकतं, आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या जहाजाला नेमकं तेच लागतं. किनाऱ्यावर जहाज लागलं की हे शिकारी मांस आणि कातडी देत, बदल्यात बंदुकीची दारू, शिसं आणि पिण्याची दारू घेत.

एवढी रानटी गुरं त्यांना मिळाली कुठून? इथे इतिहास कुठल्याही मालिकेहून रंगतदार आहे. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरचे स्पॅनिश वसाहतवाले डच आणि फ्रेंचांशी चोरून व्यापार करत. तो मोडायला राजाच्या हुकमावरून गव्हर्नर ओसोरिओने १६०५-०६ मध्ये तो सगळा मुलूख सक्तीने ओस पाडला. माणसं हलवली. गुरं आणि डुकरं मोठ्या संख्येने मागे राहिली, वाढली, रानटी झाली. चोरटा व्यापार थांबवायला रिकाम्या केलेल्या जमिनीवर पुढे हे फ्रेंच शिकारी येऊन बसले. त्यांना हुसकायला स्पॅनिशांनी पुन्हा ती गुरंच मारायला सुरुवात केली. पोटावर पाय आल्यावर शिकारी शेजारच्या तोर्तुगा बेटाकडे सरकले आणि होड्यांत बसून स्पॅनिश जहाजांवर पडू लागले. म्हणजे स्पेनच्या दोन हुकमांनी आधी गुरं रानटी केली आणि मग शिकारी.

आता 'बुकान' हा शब्द कुणाचा? बरेच कोशकार 'कॅरिब भाषेतून' असं लिहून मोकळे होतात. कॅरिबियन समुद्रात सापडला म्हणून कॅरिब! ही नकाशा पाहून केलेली व्युत्पत्ती आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. झां द लेरी नावाचा फ्रेंच माणूस १५५७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर, आजच्या रिओ द जानेरोच्या उपसागरात, तुपिनांबा लोकांमध्ये राहिला. त्याचं प्रवासवर्णन १५७८ मध्ये छापलं गेलं आणि त्यात बुकान आहे, मांडवाच्या वर्णनासकट. तेव्हा हिस्पॅनिओलाचा तो भाग ओस पडायला अजून पाव शतक होतं. तुपी भाषेतला मूळ शब्द 'मोकाएम'च्या जवळचा. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये अशा मांडवाला आजही 'मोकें' म्हणतात. 'म'चा 'ब' कसा झाला, असं कुणी विचारू नये, निदान मराठी माणसाने तरी. आपण ताम्रचं तांबं आणि आम्रचा आंबा करून बसलो आहोत. दोन्ही ओठांचे वर्ण, शेजारी राहतात, एकमेकांच्या घरात सहज शिरतात.

माझा दुसरा पुरावा याहून भक्कम आहे. हिस्पॅनिओलाच्या मूळ ताइनो रहिवाशांकडे अशाच लाकडी मांडवासाठी स्वतःचा शब्द होता, 'बार्बाकोआ'. तोच स्पॅनिशमधून इंग्रजीत जाऊन बार्बेक्यू झाला. शिकाऱ्यांनी बेटावरचा शब्द उचलला असता तर ते बार्बेक्यूवाले ठरले असते. त्यांनी बुकान म्हटलं, कारण तो शब्द त्यांच्या तोंडात आधीच होता. लाल रंगाच्या लाकडासाठी ब्राझीलच्या खेपा करणाऱ्या फ्रेंच खलाशांनी तो आणला, असं मी ठामपणे मानतो. (जाता जाता: बार्बेक्यू म्हणजे फ्रेंचमध्ये 'दाढीपासून शेपटीपर्यंत', अख्खा बोकड भाजायचा म्हणून, अशी एक व्युत्पत्ती अजून लोक एकमेकांना पाठवतात. ती साफ खोटी आहे. कृपा करून पुढे ढकलू नका.) एकाच मांडवाची दोन नावं, एकातून जेवण निघालं, दुसऱ्यातून दरोडेखोर. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाला अजून 'बुकाने' म्हणतात. तिथे हा शब्द स्वयंपाकघरातच राहिला.

फ्रेंचांनी भेद नीट पाळला होता. रानातला तो बुकानिए, पाण्यावरचा तो 'फ्लिबुस्तिए'. हा दुसरा शब्द डच 'व्रेइबाउटर'वरून, म्हणजे मोकळेपणी लूट करणारा. घोळ इंग्रजांनी घातला. एक्सक्वेमेलिनचं या लोकांवरचं पुस्तक १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला डचमध्ये निघालं, तेव्हा त्याच्या नावात सरळ 'समुद्री लुटारू' होते. १६८४ च्या इंग्रजी भाषांतराच्या नावात ते 'बुकेनियर' झाले. शिकाऱ्याचं नाव दरोडेखोराला बसलं ते बसलंच. त्याच भाषांतरावर हेन्री मॉर्गनने बदनामीचा दावा लावला आणि २०० पौंडांची भरपाई मिळवली. पनामा लुटणाऱ्या या माणसाला विशेष झोंबलं ते काय, तर आपण वेस्ट इंडीजला करारावर बांधलेला नोकर म्हणून आलो असं छापल्याचं! शब्दांची किंमत त्याला चांगली कळत होती.

इंग्रजी अर्थ मान्य केला तरी बुकेनियर हे नाव एका काळाचं आहे. मॉर्गनने पनामा घेतलं १६७१ मध्ये. शतक संपेपर्यंत ती मंडळी आटोपली होती. 'ब्लॅक सेल्स' सुरू होते १७१५ मध्ये. बहामा बेटांवरच्या नासाऊ बंदरातले लोक निराळ्याच कारणाने जमलेले. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने युद्ध थांबलं आणि युद्धात परवान्यावर शत्रूची जहाजं धरणारे शेकडो खलाशी एका दिवसात बेकार झाले. हे परवानेवाले म्हणजे प्रायव्हेटियर. हा शब्द जहाजालाही लागतो आणि माणसालाही. मी जहाजाला 'सनदी गलबत' म्हणतो, माणसाला 'सनदवाला'. सनद हातात असेपर्यंत तेच काम कायदेशीर, सनद संपली की तोच माणूस चाचा. नासाऊला चाच्यांचा बंदोबस्त करायला आलेला वूड्स रॉजर्स स्वतः जुना सनदवाला होता, आणि चाच्यांचा म्होरक्या हॉर्निगोल्ड माफी घेऊन उलट चाच्यांच्याच शिकारीला निघाला. म्हणून सनदवाला आणि चाचा यांना एका शब्दात कोंबू नका. त्या शब्दांतल्या फरकावर कोण फासावर जाणार ते ठरत होतं. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, त्यांची स्वतःची दस्तकं, म्हणजे परवाने, समुद्रावर चालत, तरी इंग्रजांच्या कागदांत ते पायरेट. मादागास्करच्या चाच्यांवर धाडलेला कमोडोर मॅथ्यूजचा ताफा १७२१ मध्ये आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेला, आणि हरला.

आता इतिहास आणि कल्पना कालवण्याबद्दल. यावर लोक मालिकावाल्यांना धारेवर धरतात, ते मला पटत नाही. कॅप्टन फ्लिंट आणि जॉन सिल्व्हर १८८३ च्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीतले, वेन आणि रॅकम खरे. त्यांना एका जहाजावर आणलं तर बिघडलं काय? हे मिश्रण चाच्यांच्या गोष्टीइतकंच जुनं आहे. वेन, रॅकम, ॲन बॉनी आणि मेरी रीड यांची जी चरित्रं सगळे वापरतात, ती १७२४ मध्ये 'कॅप्टन चार्ल्स जॉन्सन' या टोपणनावाने निघालेल्या पुस्तकातली. त्याच लेखकाने १७२८ च्या दुसऱ्या भागात मिसाँ नावाचा एक आदर्शवादी कप्तान आणि त्याचं मादागास्करवरचं मुक्तराज्य बेलाशक रचलं, आणि टॉमस ट्यू या खऱ्या चाच्याला तिथे नेऊन बसवलं. पण लक्षात घ्या, त्याच्याही पुस्तकाच्या नावात शब्द 'पायरेट' आहे. नासाऊच्या लोकांसाठी त्यांच्या समकालीन माणसाने वापरलेला शब्द तो.

फ्लिंट काल्पनिक आहे हे कुणीही दोन मिनिटांत शोधू शकतो. चुकीचा शब्द मात्र कुणी तपासत नाही, आणि म्हणून तो जास्त खोटं पसरवतो. याच मालिकेतलं 'उर्का दे लिमा' घ्या. सगळे ज्या खजिन्याच्या जहाजामागे धावतात ते. नाव ऐकून लोक पेरूमधल्या लिमा शहराचं सोनं डोळ्यांपुढे आणतात. खरं जहाज होतं. १७१५ च्या जुलैअखेरच्या वादळात फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर गेलेल्या स्पॅनिश ताफ्यातलं. पण 'उर्का' हे नावच नव्हे, तो जहाजाचा प्रकार आहे: सपाट तळाचं, फुगीर पोटाचं मालवाहू जहाज. 'लिमा' म्हणजे मालक, मिगेल दे लिमा. 'लिमाचं पडाव' म्हणावं तसं हे. जहाजाचं खरं नाव 'सांतिसिमा त्रिनिदाद', आणि राजाचा खजिना त्यावर नव्हताच. खाजगी लोकांच्या चांदीच्या पेट्या तेवढ्या होत्या. एका शब्दाचा अर्थ पाहिला असता तर अख्ख्या खजिन्याची हवा निघाली असती.

तर तुमचं वाक्य. 'बुकेनियर' खोडा, तिथे 'चाचा' लिहा. मॉर्गनच्या पिढीविषयी लिहाल तेव्हा 'बुकेनियर' तसाच ठेवा आणि हिस्पॅनिओलाच्या शिकाऱ्यांना 'धुरीवाले' म्हणा. हा शब्द माझा आहे, खुशाल घ्या. बाकी वाक्याला हात लावू नका. पेटतं जहाज तुम्हाला मालिकेतलं वाटलं असेल, पण वेनने ते खरोखर सोडलं होतं, १७१८ च्या जुलैमध्ये, पकडलेलं एक फ्रेंच जहाज पेटवून, आणि त्या गोंधळात तो नासाऊच्या बंदरातून निसटला.